अनुदानाचा मूल्यमापन सर्व्हे पुढं सरकेना? हे आधी तपासा, मग फोन लावा

बचत गट, शेतकरी गट किंवा एकटीनं छोटा उद्योग उभा करणारी बाई, कुणालाही अनुदान मिळालं की वर्षा-दीड वर्षानं मोबाइलवर एक लिंक येते. ‘कार्यक्रमाचं मूल्यमापन सुरू आहे, कृपया हा फॉर्म भरा.’ मुदत बहुतेक मार्चअखेरची. बीड-लातूरकडच्या गावांत मी हे फॉर्म भरायला मदत करते. गाव बदलतं, संस्था बदलते, पण फॉर्म अडकायच्या जागा त्याच असतात. त्या इथं क्रमानं लिहिते, ज्याला एक पैसा लागत नाही ते आधी आणि ज्याला बाहेरचा माणूस लागतो ते शेवटी.

लक्षणं

- लिंक दाबली की पांढरा पडदा येतो, नाहीतर गोल चक्र फिरत राहतं.
- ‘तुम्ही आधीच प्रतिसाद दिला आहे’ असं दिसतं, आणि मावशी शपथेवर सांगतात की हा फॉर्म त्या पहिल्यांदाच बघताहेत.
- ओटीपी येत नाही, किंवा भलत्याच माणसाच्या फोनवर येतो.
- ‘पुढे’ दाबलं तरी पान हलत नाही, वर कुठंतरी लाल अक्षरं दिसतात.
- फोटो चढत नाही.
- काल निम्मा भरलेला फॉर्म आज उघडला तर कोरा.
- सगळं भरून झालं आणि आठ दिवसांनी समन्वयकाचा फोन येतो, ‘ताई, तुमच्या गटाचा फॉर्म अजून आलेला नाही.’
- फॉर्म पोचला, पण गटातल्या सगळ्याजणींची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आहेत म्हणून परत आला.

शेवटच्याला बरेच जण बिघाड मानत नाहीत. माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. बाकीच्यात फार तर फॉर्म अडकतो. यात चुकीची माहिती खरी म्हणून पुढं जाते, आणि पुढच्या वर्षी निधी कशावर खर्च करायचा हे तिच्यावरून ठरतं.

आधी बघा, लिंक खरी आहे का

ज्या संस्थेनं किंवा कार्यालयानं अनुदान दिलं, तिथल्या ओळखीच्या माणसाला आपण होऊन फोन करा. लिंकसोबत आलेल्या नंबरावर करू नका. मंजुरीपत्रावरचा किंवा प्रशिक्षणात मिळालेला जुना नंबर लावा आणि विचारा, ‘असा सर्व्हे निघालाय का, आणि कोण करतंय?’

बऱ्याचदा सर्व्हे करणारी एजन्सी अनोळखी असते. त्यात लगेच संशय घेण्यासारखं काही नाही. २०२१ च्या जानेवारीत सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजाच्या कामांवर खर्च करण्याच्या, नियमांत दुरुस्ती झाली. ज्या कंपनीची सीएसआरची जबाबदारी मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्यापेक्षा मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान वर्ष झाल्यावर. म्हणूनच लिंक इतक्या उशिरा येते आणि पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी अपरिचित नावानं येते.

मूल्यमापनाच्या सर्व्हेत यूपीआयचा पिन, एटीएमचा नंबर किंवा ‘फॉर्म फी’ कधीच लागत नाही. यातलं काहीही मागितलं तर फॉर्म तिथंच बंद करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. गावात कुणाला विचारू, कुणी हसेल का, यात तास गेला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात आणि थांबवणं अवघड होतं.

मग कागद काढा, मोबाइल नंतर

फॉर्म अर्ध्यात सुटतो तो बहुतेक वेळा पैशांच्या प्रश्नावर. ‘मिळालेली एकूण रक्कम किती?’ हे आलं की बाई पासबुक शोधायला उठते. तोवर फोनचा पडदा बंद होतो, पान पुन्हा लोड होतं आणि भरलेलं पुसलं जातं. म्हणून लिंक उघडायच्या आधी मंजुरीपत्र, नोंदी भरून आणलेलं पासबुक, गटाची इतिवृत्त वही आणि खरेदीची बिलं समोर ठेवायची.

हे कागद मांडले की आणखी एक गोष्ट उघड होते. मंजूर रक्कम, खात्यात जमा झालेली रक्कम आणि खर्च झालेली रक्कम हे तीन वेगळे आकडे आहेत. समजा ६० हजार मंजूर झाले, पहिला हप्ता ४५ हजारांचा आला आणि उरलेले उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळणार आहेत. फॉर्ममध्ये ‘मिळाले’ विचारलं असेल तर उत्तर ४५ हजार. सगळीकडे ६० लिहिलं तर खर्चाची बेरीज जुळत नाही, आणि फॉर्ममध्ये बेरजेची अट घातलेली असेल तर तो पुढं जायचं नावच घेत नाही.

अनुदान कुठलं आणि कर्ज कुठलं, तेही आधीच सुटं करून ठेवा. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांत फिरता निधी असतो, ग्रामसंघाकडून येणारा समुदाय गुंतवणूक निधीही असतो. समुदाय गुंतवणूक निधी सदस्यांना परत फेडायचा असतो, त्यामुळे तो ‘मिळालेलं अनुदान’ या रकान्यात जात नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत गोंधळ वेगळा होतो. तिथं प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, पण ते हातात येत नाही. बँक ते वेगळ्या खात्यात ठेवते आणि कर्ज नीट चालू राहिलं तर तीन वर्षांनी कर्जात वळतं करते. मसाल्याची गिरणी टाकलेली बाई म्हणते, ‘आम्हाला तर एक रुपया बी नाही आला,’ आणि शून्य लिहिते. तिच्या बाजूनं ते खरंच आहे. मात्र बँकेकडून अनुदानाचा तपशील घेऊन मगच तो रकाना भरावा.

फोनच्या चार साध्या गोष्टी

तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन पुन्हा सुरू झाला की जुन्या फोनची तारीख मागं जाते. तारीख चुकीची असली की ब्राउझरला सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ओळखता येत नाही, आणि ‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येतो. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. पाच सेकंदांचं काम आहे, पण या एका गोष्टीपायी लोक तालुक्याला हेलपाटा घालतात.

डेटा पॅक संपलाय का तेही बघा. दिवसाचा डेटा संपला तरी व्हॉट्सअ‍ॅपचे मजकूर रखडत का होईना येत राहतात, म्हणून नेट चालू आहे असंच वाटतं. मोठा फॉर्म मात्र उघडत नाही.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका वाडीत रेंज मिळते आणि शेजारच्या वाडीत मिळत नाही. तिथं फॉर्मशी झुंजत बसण्यात अर्थ नाही. विमान मोड चालू करून बंद करा. तरी जमलं नाही तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाताना कागद पिशवीत टाका आणि तिथं भरा. फोन आधी पूर्ण चार्ज करा, कारण उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

साधा बटणांचा फोन असेल तर त्यात बिघाड शोधू नका. त्या फोनवर हा फॉर्म चालणारच नाही. सर्व्हे करणाऱ्यांना तसं कळवा आणि फोनवरून प्रश्न विचारून फॉर्म भरायची सोय मागा. बऱ्याच एजन्सीज ती देतात, फक्त कुणीतरी मागावी लागते.

लिंक कुणाची, खातं कुणाचं

‘आधीच प्रतिसाद दिला आहे’ या निरोपामागं दोन कारणं असतात.

काही सर्व्हेत प्रत्येकीला वेगळी लिंक येते. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाची लिंक गटाच्या ग्रुपवर टाकली की पहिली जी भरेल तिच्या उत्तरांनी ती लिंक बंद होते. बाकीच्या नऊजणींना फॉर्म भरलेलाच दिसतो, किंवा पहिलीची उत्तरं दिसतात. पहिलीची उत्तरं दिसत असतील तर त्यांनी काहीही बदलू नये, कारण तसं केलं तर पहिलीचा फॉर्म बिघडतो. प्रत्येकीनं आपल्या नंबरावर आलेली लिंक शोधायची. सापडली नाही तर नवीन मागायची.

दुसरं कारण गूगल फॉर्मचं आहे. ‘एकाला एकच प्रतिसाद’ अशी अट लावलेली असली, किंवा फाइल जोडायचा प्रश्न असला, की गूगल खात्यात लॉग-इन असावं लागतं. आता गावातल्या फोनमध्ये खातं कुणाचं असतं? दुकानदारानं फोन विकताना उघडून दिलेलं, नाहीतर पुतण्याचं. एका घरात सासू आणि सून दोघींना अनुदान मिळालेलं असेल आणि स्मार्टफोन एकच असेल, तर सूनबाईंचा फॉर्म गेला की सासूबाईंचा अडतो. अशा वेळी सासूबाईंच्या नावानं घाईघाईत नवीन ईमेल उघडू नका. त्याचा पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहणार नाही, आणि पुढं दुसऱ्याच कामात तो आडवा येईल. अट काढता येते का, हे आधी सर्व्हेवाल्यांना विचारा. फॉर्मच्या मालकासाठी ते एका बटणाचं काम असतं.

लॉग-इनचा एक फायदाही आहे. अर्धवट भरलेली उत्तरं साधारण ३० दिवस त्या खात्यात जपली जातात. लॉग-इन नसताना निम्मा भरून सोडलेला फॉर्म दुसऱ्या दिवशी कोरा दिसला तर तो गेलाच म्हणून समजा, शोधत बसू नका.

ब्राउझर पानाचं आपोआप भाषांतर करत असेल तर ते बंद करा. मूळ फॉर्म मराठीत असताना भाषांतर चालू राहिलं की पर्यायांचे शब्द बदलतात, आणि कधी कधी पान दाबाला उत्तरच देत नाही.

ओटीपी

ओटीपी येत नाही म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते, ‘अर्ज भरला तेव्हा कुणाचा नंबर दिला होता?’ उत्तर ठरलेलं असतं. मालकांचा, मुलाचा, नाहीतर अर्ज भरून देणाऱ्याचा. ते सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं असतं, किंवा तो माणूस गावात नसतो.

आपल्याकडे याला ऊसतोडीची जोड आहे. दिवाळीच्या आसपास बीडच्या गावांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखाने बंद होताना परततात. आर्थिक वर्षाअखेरीचा सर्व्हे नेमका त्या काळात येतो. फोन मालकांसोबत फडात, पासबुक घरी म्हातारीजवळ, आणि जिच्या नावावर अनुदान आहे ती बाई कोयता घेऊन तिकडंच. अशा वेळी फोनवरून ओटीपी मागवून गावात फॉर्म भरून टाकायचा मोह होतो. तो टाळा. ओटीपी फोनवर सांगायची सवय एकदा लागली की उद्या कुणीही भामटा ‘सर्व्हेवाला बोलतोय’ म्हणून तोच मागेल. फॉर्म जिथं सिम आहे तिथं भरायचा. म्हातारीकडून पासबुकाचे आकडे घेऊन फडावर सांगायचे आणि संध्याकाळी गाडी रिकामी झाल्यावर तिनं तिथंच बसून भरायचा. तेवढी सवड मिळत नसेल तर समन्वयकाला सरळ कळवायचं की ही बाई स्थलांतरित आहे, मुदत वाढवून द्या.

ओटीपी आला की मेसेज पूर्ण वाचा. तो कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. खात्यातून पैसे काढण्याचा किंवा बँकेच्या लॉग-इनचा उल्लेख दिसला तर तो सर्व्हेचा नाही.

लाल अक्षरं

इथं जरा जास्त थांबते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो आणि उपाय मात्र सोपे आहेत.

लाल अक्षरं दिसली की पान वरपासून खालपर्यंत हळू सरकवा. तांबड्या ताऱ्याचा एखादा प्रश्न सुटलेला असतो. तो सापडला नाही तर अंक बघा. कीबोर्ड मराठीवर असताना टाकलेले मराठी अंक बरेच फॉर्म ‘संख्या’ म्हणून मानत नाहीत. माणसाला तो आकडा बरोबर दिसतो, म्हणून चूक कळतच नाही. कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन तोच आकडा पुन्हा टाका. आकड्यासोबत ‘रु.’, ‘हजार’, स्वल्पविराम किंवा जागा सोडू नका. मोबाइल नंबर दहाच अंकी, पुढं देशाचा कोड नको.

जमिनीचा प्रश्न हमखास अडतो. काकू सांगतात, ‘सव्वादोन एकर.’ लिहिणारा लिहितो ‘२ एकर १० गुंठे’, आणि फॉर्म नाकारतो, कारण त्याला नुसती संख्या हवी असते. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे १० गुंठे पाव एकर, म्हणून २.२५. पण फॉर्ममध्ये हेक्टर विचारलं असेल तर तेच क्षेत्र ०.९१ होतं. मनात हिशेब करण्यापेक्षा सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच छापलेलं असतं, तेच उतरवा. हेक्टरच्या रकान्यात २.२५ गेलं तर अडीच पट जमीन दिसते, आणि एकरी उत्पन्न वाढलं की घटलं याचा सगळा निष्कर्षच उलटतो.

वर्षाचंही तसंच. फॉर्ममध्ये ‘मागील आर्थिक वर्ष’ म्हणजे एप्रिल ते मार्च. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत आणि शेतीचा हिशेब खरीप-रब्बीनं. ‘मागच्या वर्षी सोयाबीनचे किती झाले?’ असं विचारलं की ऐकणारी आपल्या मनातल्या वर्षाचं उत्तर देते. म्हणून महिन्यांची नावं घेऊन विचारा. उत्पन्नाच्या प्रश्नात विक्रीची रक्कम हवी की खर्च वजा जाता उरलेली, हे प्रश्नातच लिहिलेलं असतं. बियाणं, खत, मजुरी वजा करायचं आहे का हे वाचून मग आकडा टाका.

आता तक्त्याचे प्रश्न. डावीकडे ओळीनं विधानं, वर ‘अजिबात नाही’ पासून ‘पूर्णपणे’ पर्यंत पाच पर्याय. छोट्या फोनवर यातले पहिले दोन-तीन रकानेच दिसतात, बाकीचे उजवीकडे पडद्याबाहेर असतात. बाई दिसतंय त्यातलं एक दाबते. तिच्या मनात ‘पूर्णपणे’ असतं आणि नोंद ‘थोडंफार’ अशी होते. इथं लाल अक्षरं येत नाहीत, फॉर्म कुरकुर न करता पुढं जातो, म्हणून ही चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही. तक्ता आला की फोन आडवा धरा, पाचही रकाने दिसतात का ते बघा आणि मगच प्रश्न वाचा.

फोटो आणि जागेची नोंद

फोटो चढत नसेल तर फोनमध्ये जागा शिल्लक आहे का ते पहिलं बघा. सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ काढून टाकले की बहुतेक काम होतं. मग ब्राउझरला कॅमेरा आणि फोटोंची परवानगी दिली आहे का ते बघा. एकदा ‘नाही’ दाबलेलं असेल तर तो पुन्हा विचारत नाही, सेटिंगमधूनच द्यावी लागते.

फाइल मोठी असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोचा आकार लहान करून पुन्हा काढा. बरेच जण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालातरी पाठवून परत घेतात. त्यानं आकार घटतो हे खरं, पण फोटोतली ठिकाणाची आणि वेळेची नोंदही निघून जाते. शेततळ्याचा किंवा यंत्राचा ठिकाणासह फोटो मागितला असेल तर तो तपासणीत बाद होतो.

कोबो कलेक्टसारख्या, म्हणजे रेंज नसतानाही सर्व्हे भरता येणाऱ्या, अ‍ॅपमध्ये ठिकाणाची नोंद घ्यायची असेल तर पत्र्याच्या शेडमधून बाहेर या. मोकळ्या आकाशाखाली अचूकता पाच मीटरच्या आसपास आली की नोंद घट्ट होते. घरात बसून ती शंभर मीटरवरच अडून राहते.

भरला, पण पोचला नाही

ब्राउझरमधला फॉर्म असेल तर शेवटी आभाराचं पान येतं. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तो नसेल तर फॉर्म गेला असं धरू नका.

कोबो कलेक्टमध्ये ‘ड्राफ्ट्स’, ‘रेडी टू सेंड’ आणि ‘सेंट’ अशा याद्या असतात. भरून झाल्याची खूण म्हणजे फॉर्म ‘रेडी टू सेंड’मध्ये गेला एवढंच. सर्व्हरवर तो पोचतो ‘सेंट’मध्ये आल्यावर. रेंज नसलेल्या गावात भरलेले सगळे फॉर्म फोनमध्येच पडून असतात. तालुक्याला येऊन ‘रेडी टू सेंड’ उघडायचं आणि पाठवायचं. कोबोचा वेब फॉर्म ऑफलाइन भरला असेल तर तो त्या ब्राउझरमध्येच साठलेला असतो. त्याच फोनवर, त्याच ब्राउझरमध्ये, नेट चालू असताना तीच लिंक उघडून पान थोडा वेळ तसंच राहू द्या, साठलेले फॉर्म आपोआप जातात.

तोवर अ‍ॅप काढून टाकू नका, ब्राउझरचा डेटा साफ करू नका, फोन रीसेट करू नका. न पाठवलेले फॉर्म यातल्या कशानंही कायमचे जातात. ‘फोन हळू चालतोय, साफ करून देतो’ म्हणणारा घरातला हुशार मुलगा यात सगळ्यात आधी थांबवावा लागतो.

सारखी उत्तरं

फोन ठीक, नेट ठीक, फॉर्मही पोचला, आणि तरी सर्व्हे वाया गेला, असं का होतं?

कारण भीती. ‘खरं लिव्हलं तर पुढचा हप्ता अडकंल का ताई?’ हा प्रश्न मला प्रत्येक गावात कुणीतरी हळूच विचारतं. शिलाई मशीन सहा महिन्यांपासून बंद आहे, प्रशिक्षण दोनच दिवसांचं झालं, माल विकायला गिऱ्हाईक मिळालं नाही, हे सगळं ती बोलते आणि फॉर्ममध्ये पाचपैकी पाच देते. शेजारी अध्यक्षा बसलेल्या असतात, त्यांनीही पाच दिलेले असतात. मग मदत करणारा म्हणतो, ‘सगळ्यांचं एकच टाकू का?’

मूल्यमापन कार्यक्रमाचं असतं, बाईचं नसतं. हे तिला फॉर्म उघडायच्या आधी सांगावं लागतं, आणि समन्वयकाच्या तोंडून सांगितलं तर जास्त पटतं. उत्तरांवर नाव जाणार आहे की नाही, हेही त्यालाच विचारा आणि जे असेल तेच तिला सांगा. ‘नाव जात नाही’ अशी खोटी हमी देऊ नका.

मदतीला बसताना मी काही गोष्टी पाळते. एका वेळी एकच बाई, बाकीच्या ओसरीवर. घरातलं कुणी उत्तर द्यायला लागलं तर त्यांना नम्रपणे म्हणते, ‘दादा, हा प्रश्न ताईंना आहे.’ प्रश्न आहे तसा वाचायचा, कळला नाही तर पुन्हा एकदा वाचायचा. सगळे पर्याय सारख्याच आवाजात वाचायचे. ‘चांगलं वाटलं ना?’ असं विचारलं की उत्तर मीच देऊन टाकलं. बोट तिचं, दाबणंही तिचं. तिला दिसत नसेल किंवा जमत नसेल तर मी दाबते आणि काय दाबलं ते मोठ्यानं वाचून दाखवते.

‘निर्णयप्रक्रियेतील सहभाग वाढला का?’ असले प्रश्न मी स्वतःच्या मनानं सोपे करत नाही. मी त्याचं ‘घरात तुमचं ऐकतात का?’ केलं, दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणी ‘खर्च तुम्ही ठरवता का?’ केलं, तर एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं गोळा होतात. सर्व्हेवाल्यांना एकदा फोन करून सोपा शब्द कोणता वापरायचा ते विचारून घ्यायचं आणि सगळीकडे तोच वापरायचा.

इथं थांबा आणि संबंधित माणसाला बोलवा

तीच चूक दुसऱ्या फोनवर आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही येत असेल तर दोष फॉर्ममध्ये आहे. तुमच्या हातात आणखी काही नाही. सर्व्हे करणाऱ्या एजन्सीला कळवा.

फॉर्म उघडल्यावर दुसऱ्याच कुणाची माहिती, आधार किंवा खाते क्रमांक दिसला तर काहीही न भरता बंद करा आणि लगेच सांगा. त्या पानाचा स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

नाव, आधार किंवा बँक खातं नोंदीशी जुळत नसेल तर सर्व्हेत हवं तसं लिहून जुळवू नका. ती दुरुस्ती अनुदान देणाऱ्या कार्यालयाची किंवा बँकेची आहे.

न पाठवलेले फॉर्म असलेला फोन पडला, भिजला, पडदा गेला, तर दुरुस्तीवाल्याला आधी सांगा की आतला डेटा पुसायचा नाही. तो ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ म्हणाला तर फोन परत घ्या आणि एजन्सीच्या तांत्रिक माणसाशी बोला.

घरातल्या मारहाणीबद्दल किंवा छळाबद्दल प्रश्न असतील आणि बाई बोलता बोलता थांबली, रडू लागली, तर फॉर्म बाजूला ठेवा. असे प्रश्न विचारायचं प्रशिक्षण घेतलेल्या महिलेचं ते काम आहे, तिला बोलवायला सांगा. त्या बाईला मदत हवी असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

आणि बाई नको म्हणाली तर तिथंच संपलं. संमती नसताना तिच्या नावानं फॉर्म भरायचा नाही, गटाचे शंभर टक्के फॉर्म दाखवायचे असले तरी नाही.

एजन्सीला फोन किंवा मेसेज करताना ‘फॉर्म चालत नाही’ एवढंच कळवलं तर ते पुन्हा सगळं विचारतात आणि दोन दिवस जातात. मी असा मेसेज पाठवते:

‘नमस्कार सर. फॉर्म कोबोच्या वेब लिंकवर भरत आहोत. दुसऱ्या पानावरच्या “जमिनीचे क्षेत्र” या प्रश्नाला २.२५ टाकलं की लाल चूक येते, २ टाकलं की पुढे जातं. दोन फोनवर, दोन वेगळ्या सिमवर करून बघितलं. आज सकाळी अकराच्या सुमारास. स्क्रीनशॉट सोबत आहे, त्यावरचं नाव झाकलं आहे. दशांश चालेल असं करता येईल का? तोपर्यंत या गटाचे फॉर्म थांबवले आहेत.’

अशा मेसेजला बहुधा त्याच दिवशी उत्तर येतं.

मुदतीचं एक राहिलं. ‘हा फॉर्म आता प्रतिसाद स्वीकारत नाही’ असं दिसलं तर मालकानं तो बंद केला आहे. फोन बदलून, खातं बदलून तो उघडणार नाही. तो फक्त मालकालाच उघडता येतो, आणि ऊसतोड, लग्नसराई किंवा आजारपण असं कारण नीट लिहून मागितलं तर बऱ्याचदा उघडूनही देतात. मागणी लेखी करा, किती जणींचे फॉर्म बाकी आहेत ते लिहा, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्तात त्याची नोंद घाला.